कुणा एकाची नसलेली धून

८ जानेवारी, अम्मान
मेला तो मुतासिम! दोन वर्षं झाली, त्याच्या कंपनीला दिलेला माझा मोबाइल गेम दाबून बसलाय. आज विचारलं, बाजारात कधी आणणार? तर म्हणे, "योग्य वेळ आली की कळवतो, ताई." ताई म्हणे!

बाबांच्या उजव्या डोळ्याला आता नुसता उजेड कळतो. डावा उन्हाळ्यापर्यंत टिकला तर नशीब, असं डॉक्टर म्हणाले. तीस वर्षं त्यांनी या टेकड्यांवर शेअर टॅक्सी चालवली. गेम त्याचाच — त्यांची टॅक्सी, त्यांचे चढ, त्यांचे भांडखोर प्रवासी. घरी माझ्या कॉम्प्युटरवर शंभरदा खेळून झालाय. पण त्यांचं एकच — "स्टँडवरच्या त्या मवाल्यांच्या फोनवर बघेन, तेव्हा खरं!" दिसतंय तोवर त्यांना ते बघायला मिळावं. बस, एवढंच हवंय मला.

१० जानेवारी
सुहैरनं करार वाचला. मावसबहीण वकील असल्याचा हा एक फायदा. "एक्सक्लुझिव्ह हक्क दिलायस, बाई. पाच वर्षं दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. तूसुद्धा काढू शकत नाहीस." मी? माझाच गेम? "तूसुद्धा. आणि अमुक तारखेच्या आत बाजारात आणलाच पाहिजे, असं त्यांच्यावर बंधनच नाही. वाचलं नव्हतंस?"

कशी वाचणार! मुतासिम त्याच्या काकाला घेऊन घरी आला होता. समोर कॉफी, आणि हा हात लावेना! मागणं मान्य झाल्याशिवाय पिणार नाही म्हणे — जुनी रीत; पाहुण्यानं कॉफी तशीच ठेवली तर घराची नाचक्की. बाबा लाजेनं अर्धमेले झाले. "पोरी, पाहुण्याची कॉफी गार होतेय. कर सही." केली. मूर्ख मी.

३ फेब्रुवारी
त्याच्या कंपनीची जाहिरात. रमजानसाठी मोठा गेम येतोय! नाव गुप्त, पडदा काळा, नुसती उदच्या तारांवरची धून. सगळं शहर गुणगुणतंय. याला वेळ आहे, माझ्याला नाही!

धून मी ओळखली. म्हाताऱ्या उदवादक उस्ताद याकूबांची.

५ फेब्रुवारी
उस्तादांच्या घरी जाऊन विचारलं, मुतासिमला धून कशी दिलीत?

"सगळ्यांना देतो तशी. नॉन-एक्सक्लुझिव्ह. धून म्हणजे काय लेक आहे, एकाच घरी द्यायला?"

मग मलाही द्या. "तुला गं कशाला?" मी कॉफीला हातच लावला नाही. म्हातारा हसत सुटला. "पी, नालायके, पी! दिली."

शीळ घालत घरी आले.

१९ फेब्रुवारी
झाला! गाढवाचा गेम. गाढव चढावर बसकण मारतं, पादतं, आणि दर वेळी तीच धून वाजते. फुकट सोडला. वाजव आता, मुतासिम!

२७ फेब्रुवारी
शाळेच्या फाटकात पोरं, कोपऱ्यावरचा भाजीवाला — सगळ्यांच्या तोंडी "गाढवाची धून". जाहिरात लागली की लोक हसतात. काय गार वाटलं जिवाला!

सुहैर म्हणाली, "कायद्यानं तुला कुणी हात लावू शकत नाही. पण उस्तादांना काय वाटलं असेल?" मी विचारलं नाही. विचारणारही नाही.

२ मार्च
मुतासिमचा फोन. रडवेला झालेला. "हे काय केलंस गं? अगं, ऐक तरी—"

"योग्य वेळ आली की कळवते, दादा." आपटला फोन.

पहिला रोजा
मुतासिमचा मोठा गेम आज आला. माझाच आहे. बाबांची टॅक्सी, बाबांचे चढ. वर ती धून.

बाबा दुपारीच स्टँडवर जाऊन आले. सगळ्यांच्या फोनवर होता म्हणाले. "टॅक्सी चढाला लागली, धून वाजली, की माझ्याकडे बघून गाढवासारखे ओरडतात गं." मग चष्मा काढून ठेवला. "दिसतंय मला अजून. सगळं दिसलं."