पुढच्या सालापासून

आबा, तुमची काळी लोखंडी पेटी आता घरात नाही. पांढऱ्या रंगात तुमचा फौजी नंबर घातलेली ती पेटी माझी नात, तुमची पणती, फौजेच्या अकादमीत घेऊन गेली, अधिकारी व्हायला. व्हय, नात. तुम्ही असता तर दोनदा विचारलं असतं, ठाऊक आहे मला. गावानंही विचारलं. नाक्यावर फ्लेक्स लागला, तर फ्लेक्सवाल्यानं तिचं तोंड नेहमीच्या चित्रावर चिकटवलं. खाली रुंद छातीचा गडी, दंडावर केस, आणि वर आमची दोन वेण्यांची पोर. इतकी वर्षं त्याच्याकडं पोरांचेच फ्लेक्स, त्यानं तरी काय करावं! मी लय हसले. पण सांगायचं होतं ते वेगळंच.

कोयनानगरची आपली खोली आठवते का? पेन्शनीवर आल्यावर तुम्ही धरणावर राखणीला लागलात, आणि शाळा अगदी समोर. मी गावाकडं तिसरी पास झालेली, आई बाळंतीण. तुम्ही जेवता जेवता म्हणता, "यंदा ऱ्हाऊ दे बाय, पुढच्या सालापासून घालू शाळंत." मी चुलीपुढं बसून भाकरी थापते. घंटा झाली की हात थांबतो, मग तुमचा आवाज, "करपली बघ, ध्यान कुठं हाय?" पुढचं साल आलं तेव्हा धाकटा रांगत होता. त्याच्या पुढच्या साली आईचं दुखणं. तुम्ही कधी 'नाही' म्हणाला नाहीत, हे मी सगळ्यांना सांगते. म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. विसरलेलं लिहिणं-वाचणं पुढं मी पोरांच्या पाटीवरच परत शिकले, म्हणून हे अक्षर असं.

नात नववीत होती. मी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली, ती मोबाईलवरचं वाचून दाखवते. बारावीवर फौजेत अधिकारी व्हायची जी परीक्षा असते, तिला पोरींना बसूच देत नव्हते, मग कुणीतरी दिल्लीच्या मोठ्या कोर्टात गेलं. मी म्हणाले, "घटनेत सगळी सारखी म्हणून लिवलंय म्हणतीस, मग कोर्ट कशाला लागतंय?" तर म्हणते, "लिहिलेलं असतं गं आजी, पण ते कुठवर जातं हे कोर्टाला सांगावं लागतं." हे मला पटलं. कॅनॉलात पाणी असतंच, पण दार उचलल्याशिवाय आपल्या उसात कुठं येतं?

मग ती पुढं वाचते. सरकार म्हणालं, तयारीला वेळ पाहिजे, पोरींना पुढच्या सालापासून बसवू. माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

"मग? कोर्ट काय म्हणालं?"

"ऐकलं न्हाई. ह्याच वर्षी बसवा म्हणालं."

तेवढं मी तिला तीनदा वाचायला लावलं. "आजी, पाठ करतीस का काय?" व्हय म्हणाले.

बरं झालं पाठ केलं. ती बारावीत गेली, तेव्हा तिचा बाप, माझा लेक, फौजेतून सुट्टीवर आलेला, तिचा त्या परीक्षेचा फॉर्म बघून म्हणतो, "यंदा बारावीचं ओझं हाय, आई. पुढच्या सालापासून बघू." पोर माझ्याकडं बघायला लागली.

"न्हाई," मी म्हणाले.

"आगं, तुला त्यातलं काय कळतंय?"

"एवढं एकच कळतंय. कोर्टानं सरकारचं ऐकलं न्हाई, मी तुझं ऐकू व्हय? भर फॉर्म!"

सून दाराआड तोंडाला पदर लावून हसत होती. फॉर्म भरून होईपर्यंत मी त्याच्या शेजारून उठले नाही. मागल्या पंधरवड्यात पोर सुट्टीवर आली, आबा, आणि पायऱ्या चढताना चाल थेट तुमची.

तुमच्यावर राग नाही. राग धरायला मला तोंडही नाही. माझी लेक दहावीनंतर नर्सिंगला जाते म्हणाली, तेव्हा मीच म्हणाले होते, पुढच्या सालापासून बघू. अगदी तुमच्या आवाजात. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न केलं. उंब्रजला नांदते, सगळं बरं आहे, कधी बोलून दाखवलं नाही तिनं.

हे पत्र तुमच्या पेटीत ठेवावं म्हणून बसले होते, ती तर गेली. लिहायला पाहिजे ते उंब्रजला, तिला. कोरा कागद काढून ठेवलाय. आणि आबा, खरं सांगू? आठ दिवस झाले, रोज म्हणते, उद्या लिहू.