शिंप्याच्या वळणावरचे दोनशे तेरा पेशंट

तीर्थरूप काका,

साष्टांग नमस्कार (मान आखडली आहे, तेवढी वगळून). आपले गुडघे कसे आहेत? काकूंना सांगा, टेकडीवरच्या गार हवेत आपल्याला कानटोपीशिवाय बाहेर सोडू नका. पत्रास कारण की, आपल्या टेकडीवरचं ॲम्ब्युलन्सचं ठाणं वाचलं, आणि ते आपल्या पुतण्याने वाचवलं. ते बंद करायची शिफारसही त्यानेच केली होती, पण ते ओघाने येईलच.

कंट्रोल रूममध्ये माझं काम म्हणजे गाड्यांच्या टॅबवरून इंटरनेटने येणाऱ्या वेळा आणि जागा जुळवायच्या आणि कुठे किती गाड्या हव्यात ते सांगायचं. वर्षाचा डेटा चाळला, तर टेकडीचे झाडून सगळे पेशंट, म्हणजे दोनशे तेरा, ठाण्यापासूनच्या पहिल्या वळणावर शिंप्याच्या दुकानासमोर सापडलेले आणि गाडी तिथे दोन मिनिटांत पोहोचलेली. मी रंगीत नकाशा काढला, त्यात शिंप्याच्या डोक्यावर भोपळ्याएवढा लाल ठिपका. नियम वीस मिनिटांत पोहोचायचा, आणि वळणापर्यंत खालच्या ठाण्याची गाडीही सतरा मिनिटांत जाते, तेव्हा वरचं ठाणं बंद करावं, असं ठणकावून लिहिलं. साहेबांनी पाठ थोपटली आणि शिंप्याकडे तपासणीला माणसं धाडली. (त्यांनी पाणी तपासलं, शिलाई मशीन तपासलं, जाताना एकाने पँट आखूड करून घेतली.) शंका मला आली नाही, शिंप्याला आली. तो तडक ऑफिसात येऊन म्हणाला, "माझ्या दारात आजवर एक माणूस पडला नाही. गाडी मात्र रोज हळू होते."

दुसऱ्या दिवशी मीच गाडीत बसलो. वळण आलं आणि ड्रायव्हरने शांतपणे 'पोहोचलो'चं बटण दाबलं. म्हणाला, "पुढे रेंज नाही. इथे नाही दाबलं तर कंट्रोल रूमवाले डोकं खातात." कंट्रोल रूमवाला शेजारीच थोबाडीत मारल्यासारखा बसला होता. मग टॅबमध्ये सोय करून घेतली, की रेंज नसली तरी वेळ आत साठेल आणि रेंज आली की जाईल. पंधरा दिवस गाडीतून हिंडून बटण मी स्वतः दाबलं. खरी वेळ निघाली अकरा मिनिटं, आणि खालच्या ठाण्यातून सव्वीस. मीटिंगमध्ये आधी स्वतःच्याच अहवालाच्या चिंधड्या केल्या, मग नवा मांडला. साहेबांनी ठाणं कायम ठेवलंच, वर दुसरी गाडी मंजूर केली. काका, छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण तुटलं (शिंप्याने फुकट लावून दिलं).

आपला विजयी पुतण्या

ता. क. : विजयात एकच खोट आहे. ड्रायव्हर अजूनही वळणावरच बटण दाबतात. ही सवय कोणी लावली विचारलं, तर सगळे एकमुखाने आपलं नाव घेतात. आपण ड्रायव्हरकीतून रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी म्हणतात, उस्ताद सांगतील तेव्हा सोडू. मला तिथे कुत्रं विचारत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा आढावा आहे, आणि आकडे असेच राहिले तर ठाणं जाईल. तेव्हा सोमवारी येऊन त्यांना दोन शब्द सुनावा.

ता. क. दुसरा : "दाबलं वळणावर तर काय बिघडतं" असं आपण म्हणणारच, म्हणून सांगतो. त्या दोनशे तेरांत एक नोंद आपली आहे, छातीत कळ आली त्या दिवसाची. नोंदीप्रमाणे आपण शिंप्याच्या दारात पडला होतात आणि गाडी दोन मिनिटांत आली. काकू पलंगाशी बसून घड्याळ बघत होत्या, त्या अकरा म्हणतात. त्यांच्यावर सव्वीस मोजायची वेळ येऊ नये.