सगळ्यात मोठी फाइल

३ नोव्हें., सोम.
ग्रंथालयाच्या संगणकाने आज हात टेकले. ई-ग्रंथालयात एक साधं पुस्तक चढवायला गेले तर लाल पट्टी: जागा शिल्लक नाही. बाहेरची डिस्क मे महिन्यातल्या उन्हातच गेलीय. अध्यक्षसाहेबांना (यापुढे अ.सा., पूर्ण लिहायचा कंटाळा) सांगितलं. म्हणाले, "नवी डिस्क मार्चनंतर पाहू. सध्या सगळ्यात मोठ्या फायली काढा. त्याच्यात काय अवघड हाय?"

अवघड काहीच नाही. आकाराच्या रकान्यावर एक टिचकी मारली की मोठ्यापासून लहानापर्यंत सगळं ओळीने उभं. सगळ्यात वर: मराठी शब्दकोश. विभाग: बोलकी पुस्तकं. वाचन: रझिया आपा, अकोला. अक्षरागणिक एक फाइल, आणि एकेक फाइल ही एवढी! अंध वाचकांसाठी कथा-कादंबऱ्या वाचतात ते ठीक. पण मोठ्याने वाचलेला शब्दकोश कोण ऐकत बसतं? उद्या काढून टाकते.

४ नोव्हें., मंगळ.
काढण्याआधी सहज ‘क’ लावला. दोन मिनिटं ऐकणार होते. जेवणाची सुट्टी संपली, डबा तसाच.

आपा शब्द म्हणतात, अर्थ सांगतात, श्वास घेतात, पुढचा शब्द. चुकल्या तर एक टाळी, आणि तेच वाक्य पुन्हा. टाळी पडली की मागचं चुकलेलं नंतर कापायचं, अशी आमची पद्धत. कापणारे पाटील नोकरी सोडून गेले, तेव्हापासून सगळं कच्चंच चढवतोय. म्हणून फायली फुगल्यात. मागे कुकरची शिट्टी. एकदा अजान सुरू झाली. आपा थांबल्या, ती पूर्ण होऊ दिली, मग त्याच आवाजात पुढचा शब्द.

कडबा, कडवट, कडा, कडाका, कडी... रोज तोंडात असलेले शब्द. पण असे एकामागून एक येत राहिले, थांबेचनात, आणि माझ्या अंगावर काटा आला. एवढं सगळं आपल्या भाषेत आहे? आणि एका बाईने घरी बसून ते...

आज नाही काढलं.

६ नोव्हें., गुरु.
ऐकणारं कोण ते शोधलं. एकच सभासद. भास्करराव इंगोले, नांदगाव खंडेश्वर. टेलिफोन ऑपरेटर होते, आता निवृत्त. जन्मापासून दृष्टी नाही. फोन लावला.

"काका, शब्दकोश तुम्ही ऐकता?"

"मंग कोन आयकते? रोज सकाळी चहासंगं. सध्या ‘प’वर हावो. पाणकळा, पाणपोई, पाणवठा झाला. साधं पाणी अजून आलंच नाई!"

काढावं लागेल म्हटलं.

"कावून काढता मॅडम? जलमभर लोकायनं मले कहान्या वाचून दाखवल्या. त्यायले वाटे त्या. शब्द पयल्यांदा सारेच्या सारे भेटले. कोनी निवडून नाई देल्ले." मग हसले. "मरन ‘म’वर येते ना? तेवढं येऊ द्या, मंग काढा."



९ नोव्हें., रवि.
एसटीने अकोल्याला. पुढचं वाचन थांबवा, एवढं सांगायला. फोनवर सांगायची हिंमत नव्हती.

आपा मराठीच्याच शिक्षिका होत्या. रेकॉर्डिंगमध्ये अगदी पुस्तकी बोलतात, घरात अस्सल वऱ्हाडी. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून पलंगाभोवती गोधड्या टांगून खोपट केलंय, त्यात चौरंगावर कोश, हातात भिंग. सून नाझनीन म्हणाली, "अम्मीच्या डोयात काचबिंदू हाय. डॉक्टर म्हनते, गेलेली नजर वापस येत नाई, हाय ते जपा. आन् ह्या अशा जपून राह्यल्या."

आपांना विचारलं, शब्दकोशच का?

"भास्करभाऊले फोनवर इचारलं, कोनतं पुस्तक वाचू? तर म्हने, कोश. म्या हासली ना बेटा! मंग वाटलं, शिकवलं आपन सारी उमर, पन हे सारं आपन तरी कुठं पाह्यलं? आता ‘स’ चालू हाय. लय मोठा हाय ‘स’, सरतच नाई. मंग ‘ह’ राह्यला, बस्स. दिसते तोवर उरकून घेते." आणि मग, "जागा हाय ना तुमच्याकडे?"

आहे म्हणाले. परतीच्या गाडीत स्वतःला पोटभर शिव्या घातल्या.

११ नोव्हें., मंगळ.
फायली लहान करता येतात. सोपा उपाय! ‘अ’ घेतला, बटण दाबलं. संगणक घरघरला, मग पाटी: जागा अपुरी. नवी लहान फाइल आधी याच संगणकात बनणार, मगच जुनी मोठी काढायची. लहान व्हायलाही जागा लागते. काय म्हणावं याला.

म्हणजे दुसरं काहीतरी जायला हवं. यादीत कोशाच्या खाली पाहिलं. ‘मा. अध्यक्षांचा एकसष्टी सत्कार’. तीन कॅमेऱ्यांनी काढलेला, तिन्ही चित्रणं जशीच्या तशी. त्याखाली उद्घाटनाचा सत्कार, निवडीचा सत्कार, सत्काराला दिलेल्या उत्तराचं वेगळं चित्रण. अ.सा. म्हणाले होते "जतन करा". आमच्याकडे जतन म्हणजे दाखलनोंद, अनुक्रमांक, विषय. विषय: चरित्र. लावून पाहिलं. खुर्च्या ओढण्यातच पहिला अर्धा तास. आजवर कोणी उघडलेलं नाही, खुद्द अ.सा.नीसुद्धा नाही.

१५ नोव्हें., शनि.
सत्कार काढू का, अ.सा.ना विचारलं. तोंड कडू झालं त्यांचं.

"ते राहू द्या. संस्थेचा इतिहास हाय तो. कोश तर छापील भेटते ना बाजारात?"

"छापील कोश इंगोले काका कसा वाचतील?"

मोबाइल पाहत म्हणाले, "एका मानसासाठी एवढी जागा? मोठं ते आधी काढा म्हटलं ना मी."

एका माणसासाठी. हो, एकाच. आणि एकीनेच वाचलेलं.

१७ नोव्हें., सोम.
सत्कार काढले. सगळे. जागा तेवढीच! काढलेलं या प्रोग्रॅममध्ये आधी टोपलीत जातं, तिथे काही दिवस पडून राहतं. टोपली रिकामी केली तरच जागा. रिकामी करायला गेले तर प्रश्न: कायमचं काढायचं? परत मिळणार नाही.

‘नाही’ दाबून घरी आले. नोकरी आहे, पोरीचं कॉलेज आहे.

१९ नोव्हें., बुध.
नाझनीनने बसने येणाऱ्या ओळखीच्या बाईंच्या हाती पेन ड्राइव्ह पाठवला. ‘स’ पूर्ण! बरोबर फोन: "अम्मीले आता अक्षर लागत नाई. मी कानात सांगते, त्या बोलते. म्या म्हटलं, मीच वाचते ना. तर म्हने, आयकनाऱ्याले मधातच दुसरा आवाज कायले?"

पेन ड्राइव्हवरूनच ऐकलं. आधी पुसट कुजबुज, मग आपांचा आवाज, स्वच्छ, ठाम. कुजबुज, आवाज. दिसत नसलेला शब्द ती बाई अशी म्हणते की तो समोर येऊन उभा राहावा. मी कानाला हेडफोन लावून भर वाचनकक्षात रडले. पेपर वाचणारे आजोबा पाणी घेऊन आले.

टोपली रिकामी केली. कायमचं? हो.

पट्टी हिरवी झाली. ‘स’ चढवला. मग ‘अ’पासून लहान करायला घेतलं.

२४ नोव्हें., सोम.
अ.सा.नी फोन केला. वर्धापनदिनाला एकसष्टीचं चित्रण पडद्यावर दाखवायचंय. काढून टाकलं म्हणून सांगितलं. "सगळं?" हो, सगळं. मग, "शुक्रवारी कार्यकारिणीत या. लेखी खुलासा आना." भीती वाटते, खोटं कशाला लिहू. पण परत विचारलं तरी मी हेच करीन.

२७ नोव्हें., गुरु.
‘ह’ आला. खुलासा लिहायचा सोडून ऐकत बसले. कुजबुज, आवाज. कुजबुज, आवाज. शेवटचा शब्द, त्याचा अर्थ. मग काहीच नाही, पण रेकॉर्डिंग चालूच. बंद करायचं विसरल्या दोघी.

"संपलं?" आपांचा आवाज.

"संपलं अम्मी."

बाहेर कोणाची तरी गाडी सुरू झाली, गेली. मग आपा, वऱ्हाडीत:

"मंग आता ‘अ’ लाव. आता मले आयकू दे."

हे कापायचं असतं. कापलं नाही, तसंच चढवलं. सभा उद्या चारला.