बाबांच्या यंत्राला हात लावू नका

प्रिय बून खेंग,

पत्र बघून घाबरू नकोस. मी बरी आहे, आत्या बरी आहे आणि जिन्याखालच्या कपाटातलं, सगळ्या नातेवाइकांचे फोटो आणि मालिका साठवणारं बाबांचं यंत्रही बरं आहे. आधी त्याचंच सांगते. चेंग बेंगच्या पितृपूजेपर्यंत ते सुधारलं नाही तर बंद करून टाकायचं, त्यातलं सगळं कुठल्याशा कंपनीच्या इंटरनेटवरच्या भाड्याच्या जागेत हलवायचं, घर मागणाऱ्या त्या दंतवैद्याला ते विकायचं आणि मी तुझ्याकडे मेलबर्नला यायचं, असं तू फोनवर म्हणाला होतास. मी हो म्हणाले होते. तू तिकीटही पाठवलंस.

नवी डिस्क बाबांनीच मागवली होती. जागा संपत आली म्हणून कितीतरी दिवस कुरकुरत होते, आणि ती घरी आली तेव्हा नेमके इस्पितळात होते. ते गेल्यावर त्यांचे कपडे आवरताना मला ती खोक्यासकट सापडली. रोसलीकाका कुंपणापलीकडून म्हणाले, “ताई, मी बसवून देतो.” पण माझ्या नवऱ्याच्या कपाटात शेजाऱ्याने डोकं घालावं असं मला वाटेना. मी चष्मा लावला, माहितीपत्रक दोनदा वाचलं आणि डिस्क बसवली. एक स्क्रू उरला. बाबांचाही नेहमी उरायचा, म्हणून मी समाधानाने दार लावलं.

दुसऱ्या दिवसापासून सगळं मंदावलं. आपले सगळे नातेवाईक त्या यंत्रावर किती अवलंबून आहेत हे मला तेव्हाच कळलं. इपोहहून तुझ्या मामेबहिणीचा फोन आला की लग्नाचे फोटो उघडत नाहीत, नवरा कमरेपर्यंतच दिसतो. बाबा गेल्यापासून माझ्या सोबतीला राहिलेली आत्या म्हणाली, “तेवढाच बरा आहे तो.” पण तिची स्वतःची मालिका अडली तेव्हा तिला हसू आलं नाही. नायिका सासूला उलट उत्तर द्यायला तोंड उघडायची आणि तशीच राहायची. आत्या गरम कोपीचा पेला धरून तिच्यासमोर बसून असायची. “इतका वेळ तोंड उघडं ठेवून गप्प राहिलेली सून मी पहिल्यांदाच बघते आहे,” म्हणाली.

मग उपचार सुरू झाले. रोसलीकाका वीज खात्यातून निवृत्त झालेले, त्यांना केबलचा संशय. यंत्र बंद करून त्यांनी केबल बदलली, पुन्हा चालू केलं. मग त्यांना उष्णतेचा संशय आला. पुन्हा बंद, कपाटाचं दार काढलं, समोर टेबलपंखा लावला. आत्याचं मत वेगळं होतं. “दिवसभर आपण जिन्यावरून त्याच्या डोक्यावर पाय देत वरखाली करतो. ते धावेल कसं?” म्हणून ते बाहेर, बाबांच्या फोटोखाली आणलं. चार दिवसांनी फोटोसमोरच्या उदबत्त्यांची राख त्यात जाते असं रोसलीकाकांच्या लक्षात आलं, म्हणून परत आत. तू तिकडून अधूनमधून बंद-चालू करून विचारायचास, “आई, आता बघ, फरक आहे का?” आणि मीही रोज सकाळी एकदा करायची, कारण बाबा म्हणायचे की निम्मे आजार तेवढ्यानेच जातात. यंत्राच्या पडद्यावर टक्क्यांचा एक आकडा दिसायचा. कधी सहा, कधी अकरा, आणि सकाळी पुन्हा जवळपास शून्य. मला वाटायचं, ही त्याच्या अंगात उरलेली शक्ती असावी.

चेंग बेंग जवळ आलं तसं आत्याला खरं कारण सापडलं. “माझा भाऊच तिकडून वापरतो आहे,” ती म्हणाली. “आपण त्याला कागदाचा बंगला जाळून पाठवला, मोटार पाठवली, दोन नोकर पाठवले. डिस्क कोणी पाठवली? मग तो बिचारा आपलीच वापरणार.” ती मला धरून कागदी सामानाच्या दुकानात घेऊन गेली. मला वाटलं, दुकानदार हसेल. त्याने शांतपणे पेन्सिल कानावरून काढली आणि विचारलं, “किती टीबीची?”

“सगळ्यांत मोठी कर,” आत्या म्हणाली. “पुठ्ठ्याला काय फरक पडतो?”

“पडतो ना. छोटी दिली तर पुढच्या वर्षी तुम्हीच परत येता. केबल हवी का?”

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “हवी. त्यांना ऐन वेळी केबल कधीच सापडत नाही.” तो म्हणाला, “मग दोन देतो,” आणि लिहून घेतलं.

आम्ही इपोहला गेलो. थडग्यांवरचं गवत काढलं, कोंबडी आणि संत्री मांडली, आणि तीन दिवस मामेबहिणीकडेच राहिलो. पूर्वजांच्या दिवसांत कोणी मालिका बघायची नाही असा आत्याने सगळ्यांना दम भरला होता. तू मुलांना घेऊन समुद्रावर गेला होतास. रोसलीकाकांकडे घराची किल्ली नव्हती. पुठ्ठ्याची डिस्क पटकन जळली, केबल मात्र बराच वेळ वळवळत राहिली.

परत आलो तर यंत्र नव्यासारखं. आत्याने मालिका लावली, सून घडाघडा बोलून मोकळी झाली. आत्या फोटोपुढे हात जोडून म्हणाली, “पोचली वाटतं.” रोसलीकाका कुंपणावरून म्हणाले, “मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, केबल.” मी यंत्राचा पडदा बघितला. आकड्याच्या जागी एकच ओळ होती, मांडणी पूर्ण झाली. मग मी माहितीपत्रकाचं शेवटचं पान वाचलं, जे मी दोन्ही वेळा सोडलं होतं. नवी डिस्क आली की यंत्र जुनं सगळं उचलून नव्या डिस्कसकट पुन्हा मांडतं. त्याला दोन-तीन दिवस लागतात आणि तोवर ते मंद चालतं. मधे बंद केलं तर या जुन्या बनावटीच्या यंत्राला कुठवर आलो होतो ते आठवत नाही, ते पहिल्यापासून सुरुवात करतं. त्याला काही झालंच नव्हतं. आम्ही सगळे मिळून त्याची काळजी घेत होतो, एवढंच. आत्याला हे मी सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

फोनवर मी तुला नेहमी हो म्हणते, म्हणून हे लिहून कळवते आहे. मी येत नाही. तिकीट रद्द केलं आहे आणि दंतवैद्यांनाही नाही म्हणून सांगितलं. बाबा गेल्यापासून, बून खेंग, मी एकदाही सलग रडलेले नाही. सुरुवात केली की कोणीतरी कोपी आणतं, नाहीतर तुझा फोन येतो आणि तू घराचं विचारतोस. सगळे प्रेमानेच करतात, त्यामुळे कोणाला थांब म्हणता येत नाही. काल आत्याला बसमध्ये बसवून दिलं. ती रुसली आहे, पण मालिका तिच्या घरीही दिसते. रोसलीकाकूंना सांगितलं, काही दिवस जेवण पाठवू नका. वर्षभर मला काही ठरवायला लावू नकोस. डिसेंबरात मुलांना घेऊन ये, खोली तयार असेल. आज सकाळी दार लावून पहिल्यांदा एकटी बसले आहे. रडू अजून आलेलं नाही. पण घाई नाही.

तुझीच, पिनांगलाच असलेली,
आई