मागून आलेला थोरला

प्रिय हायातो,

इओरीच्या थडग्यावरची माती अजून ओली आहे, आणि तुझ्या काकांना माझा दुसराही मुलगा हवा आहे! मला न विचारता तुला तलवारीच्या तालमीला किल्ल्याच्या गावी नेऊन ठेवलं. माझा संताप होतोय नुसता.

तुझा भाऊ गेला कशासाठी? अरुंद पुलावर त्याचं म्यान त्या इबुकीच्या म्यानाला घासलं, एवढ्यासाठी! इबुकी पळाला डोंगरापलीकडे. आता म्हणे तू त्याला शोधून मारल्याशिवाय घराण्याची अब्रू परत येत नाही. इओरीसारख्याला जो एका घावात आडवा करतो, त्याच्यापुढे तू? माशाचं डोकंसुद्धा तू माझ्याकडून कापून घेतोस.

परवा कुरोबेई काका आले. माझ्याच शेगडीशी बसून, माझाच खारवलेला मुळा कुरुमकुरुम खात म्हणाले, "वहिनी, पोरगा उठला नाही तर आम्ही तोंड कुठे दाखवायचं?"

मी म्हटलं, "भावजी, मग तुम्हीच जा की."

"मी कसा जाणार? सूड धाकट्याने थोरल्यासाठी घ्यायचा. थोरल्याला धाकट्यासाठी परवानगीच नाही!" हे सांगताना मेल्याच्या चेहऱ्यावर काय समाधान होतं! मी त्यांच्यापुढचा मुळा उचलून आत नेला.

काल सकाळी मी सरळ कचेरीत गेले, जिथे त्यांनी तुझ्या सुडाच्या परवानगीचा अर्ज दिलाय. तुम्ही जुळे. आपल्याकडे जुळ्यांत मागून जन्मलेला थोरला, म्हणून इओरी थोरला ठरला. मी अधिकाऱ्यांना सांगितलं, सुईणीने दिव्याच्या उजेडात बाळांची अदलाबदल केली. मागून आलेला खरं तर हायातो.

"बाई, मग इतकी वर्षं गप्प का बसलात?"

"कोणी विचारलंच नाही."

सुईण कधीच वारली. काका ओसरीत थयथयाट करत होते, पण त्यांचा अर्ज फेटाळला गेला. इबुकी मोकळाच राहणार, हे मलाही जाळतं. पण तुझ्या बदल्यात मला त्याचं मुंडकं नको.

लोक तुला भित्रा म्हणतील. म्हणू देत. शिव्या द्यायच्या तर म्हणावं आईला द्या. कोणी विचारलं तर मान वर करून एवढंच सांग, की मी थोरला आहे. हे वाचून झालं की शेगडीत टाक.

आयुष्यभर भाताचा पहिला वाडगा इओरीचा असायचा. आज त्याच्या नावाच्या स्मृतिपाटीपुढे मी दुसरा ठेवला आणि हात जोडून त्याची माफी मागितली. पहिला झाकून ठेवलाय. निवायच्या आत घरी ये.

तुझीच,
आई