न वाचता केलेली सही

प्रिय जावईबापू,

पत्र लिहायला वर्ष लावलं, माफ करा. वर आधी सवयीने ‘चिरंजीव’ लिहिलं होतं, ते खोडलं. खोडाखोड दिसेल, तिलाही माफी असावी. शाळा चौथीपर्यंतचीच.

लिहायचं कारण असं की येत्या सोमवारी मला कोर्टात मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे उभं राहायचं आहे. तुमच्या मरणाची चौकशी चालू आहे तिथे. वकीलबाई म्हणाल्या, आप्पा, त्या दिवशीचं आठवेल तसं स्वतःच्या हाताने लिहून काढा, म्हणजे ऐनवेळी घाबरायला होणार नाही. परवापासून नातीची वही घेऊन बसतोय. पहिली ओळ कोर्टासाठी लिहितो आणि दुसऱ्या ओळीला तुमच्याशीच बोलायला लागतो. शेवटी म्हटलं, आधी तुम्हालाच सांगावं. तुम्हाला सांगता आलं तर साहेबांना सांगता येईल.

त्या सकाळी मी तुमच्यामागे किती भुणभुण लावली होती! नवा इंद्रायणी तांदूळ, आठ पोती, शिवऱ्याच्या गिऱ्हाइकाकडे न्यायची होती. पोत्यांची तोंडं मी स्वतः दाभणाने शिवली होती. ताडपत्री नीट बांधा, फाळका दोनदा बघा, वाटेत कुणी पोत्याला हात लावला तर शिवणीवरून मला कळतं, हे ध्यानात ठेवा. तुम्ही टेम्पो चालू करून हसलात. “मामा, तांदूळ नेतोय, नवरी न्हाई. पोचलो की फोन करतो.”

तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं तेवढंच.

तुम्हाला मागेपुढे कोणी नव्हतं म्हणून मंगलशी लग्न करून आमच्याच घरात राहिलात. अकरा वर्षं. घरजावई म्हणून मी चारचौघांत तुम्हाला टोमणे मारले, ते मला आठवतात. तुम्ही एकदाही उलट बोलला नाहीत. उलट मलाच पाटी आणून दिलीत. सोसायटीत, बँकेत मी अंगठा उठवायचो. तुम्ही म्हणालात, “मामा, चौथी झालेल्या माणसानं अंगठा लावायचा? बसा हितं.” महिनाभर रोज चहाच्या वेळी माझ्याकडून सही गिरवून घेतलीत. माझा ‘ध’ वळत नव्हता आणि मंगल आतून हसत होती. सही जमली त्या दिवशी तुम्ही एकच गोष्ट सांगितली होती, की मामा, आता वाचल्याशिवाय कुठं सही करायची नाही.

ती एकच गोष्ट मी पाळली नाही.

त्या दिवशी दुपारी मी गोठ्यात होतो. घरात फोन वाजला. हात शेणाने भरलेले. धुऊन येईपर्यंत वाजायचा थांबला. तुमचं नाव होतं. मी उलटा फोन केला नाही. म्हटलं, टेम्पो चालवत असाल, कशाला त्रास द्या? एरवी साध्या साध्या गोष्टींची काळजी करून घर डोक्यावर घेणारा मी, नेमका त्याच वेळी शहाण्यासारखा गप्प बसलो!

चार वाजता परका फोन आला. जावई चौकीत पायरीवरून पडला, सरकारी दवाखान्यात या. आम्ही पोचलो तेव्हा तुम्ही गेला होतात.

मंगल आत तुमच्यापाशी होती. मी बाहेर. एका हवालदाराने मला बाकड्यावर बसवलं, चहा पाजला. फार गोड बोलला. आप्पा, वाईट झालं, आमच्याच माणसासारखा होता. मग जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला. “हितं सही करा, म्हंजी बॉडी लगेच ताब्यात. न्हाईतर उद्यावर जाईल.”

उद्यावर म्हणजे रात्रभर? तुम्ही तिथे, त्या खोलीत, एकटे? मी सही केली. चष्मा माझ्या बंडीच्या खिशात होता. काढलाही नाही. खाकीपुढे चष्मा काढून वाचायला लागलो तर संशय घेतो असं वाटेल, अशी भीती. लहानपणी गावात पोलीस आला की आम्ही घरामागच्या परड्यात जाऊन लपायचो. सत्तर वर्षांचा झालो, तरी परड्यातून बाहेर आलोच नाही मी.

आणि तो चहा मी प्यायलो, जावईबापू. आता आठवलं की बोटं घालून ओकून टाकावासा वाटतो. पुढे कळलं, तो चहा पाजणारा आणि तुम्हाला मारणारा हात एकच होता.

दहाव्याला आम्ही गुंजवणीच्या काठी गेलो. पिंड ठेवला. झाडावर पाच-सहा कावळे होते. एकही खाली येईना. मग माणसं हात जोडून बोलायला लागली. मंगलकडं आम्ही बघू. नातीला शिकवू. टेम्पो विकणार नाही. एक कावळा जवळ आला, मान वाकडी करून बघितलं आणि उडाला. तासभर गेला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आप्पा, तुम्ही बोला, तुमच्यात त्यांचा जीव अडकला असंल. मी म्हणालो, जावईबापू, तुमच्या पोरीला मी फुलासारखी सांभाळीन. कावळा आला नाही. मला ठाऊक होतं, तुम्हाला काय ऐकायचंय. पायरीवरून पडायला तुम्ही काय तान्हं पोर होता? अंगावरचे वळ मी अंघोळ घालताना बघितले होते. पण घाटावर पोलीस पाटील उभे होते. मी गप्प राहिलो. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही घरी येऊन जेवलो.

मग महिन्याभराने कामथडीच्या सुनंदाबाई आल्या. फाट्यावर हातगाडीवर पेरू विकतात त्या. त्यांच्याकडून तुम्ही नातीला पेरू आणायचात. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल त्यांनी पदरातून काढला. “आप्पा, महिनाभर ह्या मोबाईलला हात लावायला भेत होते मी. पन झोप लागंना. तुमचा माणूस कसा गेला ते तुमी बगितलं पायजे.”

सव्वा मिनिट आहे सगळं. तुम्ही टेम्पोच्या मागे उभे आहात, एक हात फाळक्यावर. हवालदार म्हणतो, एक पोतं खाली घे. तुम्ही म्हणता, “साहेब, माल माजा न्हाई. मामांना इचारतो, व्हय म्हनले तर देतो.” आणि तुम्ही खिशातून फोन काढता. कानाला लावता.

तो मला लावलेला फोन.

“शूटिंग काढतो व्हय रं?” म्हणून त्याची पहिली काठी बसते ती फोन धरलेल्या हातावर. शूटिंग काढत होत्या सुनंदाबाई, पेरूच्या गाडीमागून. तुम्ही नुसते मला विचारत होतात. मग दुसरा येतो. दोघं मिळून. एसटी थांबलेली आहे, खिडक्यांतून माणसं बघतायत. एक जण हसतोसुद्धा. खाली पडल्यावर तुम्ही चप्पल शोधता, तेव्हा बूट बसतो. मग कोणीतरी ओरडतं, मोबाईल कुणाचा चालूय? आणि सगळा अंधार होतो, कारण बाईंनी मोबाईल पदराखाली घेतला. अंधारात तुमचा आवाज राहतो. “मामांना इचारू द्या वो.”

द्यायचं होतं की हो एक पोतं! कशाला आडवे आलात? मी काय तुम्हाला गिळणार होतो? चार शब्द बोललो असतो, चार दिवस पुटपुटलो असतो. पण नाही, हे मी बोलायला नको होतं. एक पोतं दिलं असतं तर जगला असता, असं म्हणणारे गावात पुष्कळ आहेत. त्यांना मी विचारतो, पोतं मागणाऱ्याला तुम्ही काहीच का म्हणत नाही? मग ते विषय बदलतात. टेम्पो दोन महिन्यांनी चौकीच्या आवारातून सुटला. सात पोती होती. तुमचा जीव घेतला आणि पोतंही नेलं.

व्हिडिओ सगळीकडे फिरला. विंझरच्या हॉटेलात एक जण मला ओळखत नव्हता, माझ्यासमोरच बघत बसला होता. त्यावर कुणीतरी रडकं गाणं चढवलेलं. मी त्याला म्हणालो, “गानं काढ. माजा जावई काय बोलतोय ते ऐक आधी.” तो म्हणाला, आजोबा, ह्यात आवाज नाहीच. तुमचा आवाज काढून टाकला लोकांनी, नुसतं मार खाणं ठेवलं!

बोंबाबोंब झाल्यावर दोघं निलंबित झाले. आम्हाला वाटलं, झालं. कसलं काय! निलंबित म्हणजे घरी बसून अर्धा पगार. एक तर परवा लग्नात दिसला म्हणे, गुलाबी फेटा बांधून. चौकीतला कॅमेरा नेमका त्याच दिवशी बंद. फाट्यावरून चौकीत नेल्यावर दोन तासांत काय झालं, ते कुठेच नाही. तारखेला गेलो की साहेब रजेवर, नाहीतर कागद आला नाही. आणि आता त्यांच्या वकिलाचं म्हणणं ऐका. फाट्यावर किरकोळ झटापट झाली, पण मेला तो पायरीवरून पडून. पुरावा काय? तर मेलेल्याच्या सासऱ्याचा जबाब. ‘माझे जावई यांचा पाय घसरून पडून मृत्यू झाला असून माझा कोणावरही संशय नाही व माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.’ खाली माझी सही. सुबक. ‘ध’सुद्धा नीट वळलेला.

वकीलबाईंनी त्याची नक्कल घरी आणली. मंगलने कागद हातात घेतला. म्हणाली, “आप्पा, ही सही त्यांनी शिकवलेली.” बस, एवढंच. त्या दिवसापासून ताट वेळेवर वाढते, गोळ्या पाण्याबरोबर आणून ठेवते, पण माझ्याशी बोलायचं असलं तर नातीला सांगते, नाहीतर गायीला. “चंद्रे, आप्पांना म्हनावं, ऊन लागतंय, आत बसा.” तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात पोलीस पाटील येऊन गेले. ओसरीवर बसून पाणी प्यायले. आप्पा, आता जबाब फिरवलात तर आधीचा खोटा दिला म्हणून तुम्हालाच आत घालतील. ह्या वयात झेपंल का? गेलेला माणूस काय परत येतो? मंगल गायीला पेंड घालत होती, ती वळून मोठ्याने म्हणाली, “चंद्रे, बघ, परत चहा पाजायला आलेत.” पाटील उठून गेले. मला हसू आलं, जावईबापू. वर्षात पहिल्यांदा.

मला भीती वाटते, हे तुमच्यापासून काय लपवू? रात्रंदिवस तेच. खरंच आत घातलं तर? गोळ्या कोण देईल? मंगलला कोण त्रास देईल? पण मग मी सुनंदाबाईंकडे बघतो. त्यांना आता फाट्यावर गाडी लावू देत नाहीत. रस्ता अडतो म्हणे! वीस वर्षं अडला नव्हता. त्यांचा जबाब झाला त्या दिवशी मी दाराशी होतो. लिहिणाऱ्याने कागद पुढे केला. बाईंनी बोट ठेवून एक-एक शब्द वाचला. सगळे ताटकळले. मग म्हणाल्या, “साहेब, मी झटापट म्हनले न्हाई. मारलं म्हनले. मारलं असं लिवा.” त्याने दुसरा कागद घेतला. बाईंनी तोही वाचला आणि मग सही केली. तिसरी शिकलेली बाई! माझ्यापेक्षा एक इयत्ता कमी. मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

म्हणून आता माझा शब्द घ्या. सोमवारी मी सांगणार आहे, की सही माझी आहे पण शब्द माझे नाहीत. चष्मा खिशात होता आणि मी घाबरलो होतो. वळ बघितले होते आणि घाटावर गप्प राहिलो. पाटील घरी येऊन काय बोलले, तेही सांगणार. मला आत घातलं तर घालू देत, पण माझ्या सहीच्या आडोशाला ते दोघं लपणार नाहीत. जो कागद पुढे येईल तो मी बोट ठेवून वाचीन, कितीही वेळ लागो. साहेब उठून गेले तरी वाचीन.

गुरुवारी तुमचं वर्षश्राद्ध आहे. पान मी स्वतः नदीवर नेणार आहे. सोमवारी मी काय बोललो ते तोवर तुम्हाला कळलेलं असेल. ह्या वेळी दर्भाचा कावळा मी करू देणार नाही, दिवस मावळेपर्यंत बसून राहीन. पटलं तर या, नाही पटलं तर येऊ नका, पण मला तसं ताटकळत ठेवू नका हो. तुम्ही फोन केला तेव्हा मी उचलला नाही, त्याचा राग धरू नका. काय ते लवकर कळवा.

तुमचा मामा,
धोंडिबा

(वरील सर्व वाचून सही केली आहे.)