बर्म्याचं पाणी

रुआबांधा, भिलाई
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय दामिनीताई,

नमस्कार. इकडं सारे बरे, आईचा गुडघाही. भाऊजीले मी विचारलं म्हणून सांग. परवा फोनवर तू बाबाच्या दाताचं विचारलं अन् मी "ठीक आहे" म्हणून फोन ठेवला. बाबा बाजूलेच बसले होते. म्हणून आज कागद घेतला.

दातांच्या दवाखान्यात लागून मले अडीच महिने झाले. हसू नको. जामुलच्या सिमेंटच्या गाडीवर एकवीस दिवस टिकलो होतो, ड्रायव्हर गाणं भारी म्हणायचा, पण ते राहू दे. इथं माझं काम पाण्याचं. नवा दात लावायच्या आधी जबड्याच्या हाडात बर्म्यानं भोक पाडून स्क्रू बसवतात. भोक तिरपं जाऊ नये म्हणून कंप्युटरवरून छापलेलं प्लास्टिकचं टोपण दातांवर चढवतात, बर्मा त्याच्याच छिद्रातून उतरते. केसभरही इकडंतिकडं नाही! पण ते टोपणच पाण्याची वाट अडवते. मंग मी फ्रिजमधलं सलाईन सिरिंजनं टोपणाखालून सोडत राहतो, नाहीतर हाड तापते.

किती तापलं तर मरते, माहीत आहे? सत्तेचाळीस डिग्री, मिनिटभर. बस. आपल्या गावात लोखंड दीड हजार डिग्रीवर वाहते, चहाही आपण त्याहून गरम पितो, अन् माणसाचं हाड सत्तेचाळीसवर मरते! आमच्या डॉक्टर मॅडमनं सांगितलं त्या दिवशी मी आपला जबडा चाचपतच घरी आलो.

जानेवारीत बाबाचा नंबर लागला. तोंड सुन्न, अंगावर हिरवं कापड. प्रांजली मॅडम बर्मा वर-खाली करून राहिल्या होत्या. अन् ताई, खिडकीखालून एक माणूस सायकलवर अख्खा दरवाजा घेऊन चालला होता, चौकटीसकट. मी पाहतच राहिलो.

बाबाचा हात उठला. दोन बोटं वर. स्टील प्लांटच्या मशीन शॉपमध्ये बत्तीस वर्षं त्यांची हीच खूण होती, बर्मा उचल.

"जानरावजी, दर्द हो रहा है?" मॅडमनं बर्मा उचलला. तवर मी पाणी पुन्हा सुरू केलं होतं. बाबानं हातानंच नाही म्हटलं, अन् काम पुढं चाललं.

मागच्या आठवड्यात तो स्क्रू हलायला लागला. काढावा लागला. "हड्डी जल गई. ड्रिल ही पुरानी होगी," म्हणत मॅडमनं बर्मा फेकून दिला. मी उभा राहून पाहिलं.

घरी येताना बाबाच बोलले.

"बर्मा चांगलाच होता. पाणी बंद झालतं."

"तुमाले कसं समजलं? तोंड तर सुन्न होतं."

"मांस सुन्न राहते, बाबू. आवाज हाडातून येते. कापणारा बर्मा वेगळा बोलते, घासणारा वेगळा."

ताई, माणूस आडवा पडलेला, तोंड वासलेलं, अन् आपल्याच जबड्यातला बर्मा ऐकून राहिला! मी त्यांच्या तोंडाकडं पाहतच चाललो, नालीत पाय गेला.

"मंग मॅडमले सांगितलं काऊन नाही?"

"तू कवा सांगतो, ते पाहून राहिलो होतो."

आज सकाळी मीच मॅडमले सारं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कल से तुम सिर्फ पर्ची काटोगे."

टाके दाखवायले आलेले बाबा खुर्चीवरूनच बोलले, "मैडम, दूसरी बार भी पानी यही देगा. नहीं तो मुझे दाँत नहीं चाहिए."

"और ध्यान फिर भटक गया तो?"

"तो मैं फिर हाथ उठाऊँगा."

मॅडमनं माझ्याकडं पाहिलं, अन् हो म्हणाल्या. हाड भरायले तीन महिने लागतात. तवर सरावासाठी रोज प्लास्टिकच्या जबड्यावर सिरिंज धरायची आहे. तीन महिने, ताई. बाबानं मले विचारलंही नाही, राहशील का म्हणून.

तुझा,
मे महिन्यात भिलाईतच सापडणारा,
पीयूष